निजलेला खांब

“वर्दे, मला उत्तर एक हवंय. तीन नकोत.”

जीप पुरती थांबायच्या आधीच मिराशी साहेबांनी हे वाक्य माझ्या अंगावर टाकलं. ते आमचे कार्यकारी अभियंता. उंच, रुंद, आवाज असा की नदीच्या एका काठावरून बोलले तर दुसऱ्या काठावरचे मजूर कामाला लागत. पावशेतच्या खाडीवर पूल बांधायचा की नाही, हे त्या सकाळी त्यांना ठरवायचं होतं. मी त्यांच्या हाताखालचा सगळ्यांत नवा माणूस. मातीचं काम माझ्याकडे आलं होतं, कारण दुसऱ्या कुणाला ते नको होतं.

“साहेब, तिन्ही उत्तरं एकमेकांच्या जवळच आहेत,” मी म्हणालो.

“नकाशावर रत्नागिरी आणि चिपळूणही जवळच दिसतात. चालत जाऊन बघा एकदा.”

ते खाडीच्या दिशेने चालू लागले. मी मागोमाग.

या गोष्टीला आता पन्नास वर्षं होत आली. मधल्या काळात मी ती मनातल्या मनात इतक्या वेळा घोळवली आहे की कुठला शब्द खरंच बोलला गेला आणि कुठला मी नंतर घातला, याची मला खात्री देता येत नाही. पण तराफ्यावर जे घडलं ते घडलं. तेवढ्याबद्दल शंका नाही.

तीन उत्तरांचा प्रकार असा होता. खाडीच्या तळाशी एकाच जातीची माती नव्हती. वर लोण्यासारखा चिखल. त्याखाली शिंपले मिसळलेली चिकणमाती, मध्येच वाळूचा पट्टा, पुन्हा चिकणमाती, आणि मग मुरूम. खडक कुठे आहे ते भोक पाडणाऱ्या यंत्रालाही सापडलं नव्हतं. म्हणजे पुलाचे काँक्रीटचे खांब खाली कशावरही टेकणार नव्हते. बाजूच्या मातीने त्यांना कवेत धरून ठेवायचं होतं. कुठला थर किती घट्ट धरेल याचा अंदाज बांधायचा आणि सगळ्या थरांचे वाटे मिळवायचे. वाळूचा हिशेब निराळा, चिकणमातीचा निराळा, आणि दोन्ही एकमेकींत मिसळल्या की प्रत्येक पुस्तक आपापलं सांगतं. मी तीन पुस्तकांच्या रीतीने बेरीज केली. तीन उत्तरं आली. त्यातलं सगळ्यांत लहान उत्तरही पुलाला पुरेसं होतं, आणि तसं मी टिपणात लिहून दिलं होतं. कशाबद्दल तरी ‘पुरेल’ असं लिहायची ती माझी पहिलीच वेळ. लिहिल्यापासून मला अन्न गोड लागत नव्हतं.

कारण हॅमरचं म्हणणं उलट होतं.

महिन्याभरापूर्वी आम्ही दोन खांब ठोकून पाहिले होते. डिझेलवर चालणारा मोठा हॅमर, त्याच्या नळकांड्यात वरखाली उसळणारा लोखंडी घण. तो खांबाच्या डोक्यावर आदळायचा आणि खांब चार बोटं खाली जायचा. दोन्ही खांब शेवटपर्यंत असेच गेले, कुठेही अडले नाहीत. मिराशी साहेब तेव्हाच म्हणाले होते, “जो खांब हॅमरला अडवू शकत नाही, तो पुलाला काय पेलणार?” पूल वरच्या अंगाला, धवलीच्या खडकावर न्यायचा, असं त्यांच्या मनात पक्कं होत आलं होतं. तिथे खडक होता, पण माणसं नव्हती. पलीकडच्या काठावर सडेवाडी होती आणि सडेवाडीला धवलीच्या पुलाचा उपयोग नव्हता.

त्या दिवशी मी साहेबांच्या जीपपाशी उभा राहून, मला स्वतःलाही नीट ऐकू येणार नाही अशा आवाजात म्हणालो होतो, “साहेब, खांबांना थोडे दिवस निजू द्यावं.”

“काय?”

मग मी त्यांना काठावर जाळी बांधायला रोवलेल्या लाकडी मेढी दाखवल्या. मेढ चिखलात हाताने दाबली तरी जाते, आणि लगेच ओढली तर तशीच परत येते. पण आठ दिवसांनी ती उपटायला चार माणसं लागतात. ठोकताना चिकणमाती मोडते, पाण्यासारखी होते, म्हणून खांब सरसर जातो. तिला वेळ दिला तर ती पुन्हा सावरते आणि खांबाला धरते. पुस्तकात हे आहे. पण आमच्या या मिसळीच्या जमिनीत किती धरेल, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

साहेबांनी एक मेढ स्वतः ओढून बघितली. मग म्हणाले, “ठीक. महिनाभर निजू देत. मग तोच हॅमर आणायचा आणि दहा ठोके मारायचे. दहा ठोक्यांत खांब बोटाच्या रुंदीहून कमी गेला, तर पूल इथे. जास्त गेला, तर धवली. मंजूर आहे का, शंकासुर?”

शंकासुर हे नाव त्यांनीच मला ठेवलं होतं. शिमग्यात काळे कपडे आणि उंच टोपी घालून नाचतो तो. मी दर वाक्याआधी ‘पण’ म्हणतो म्हणून. कामावरच्या सगळ्यांनी ते उचललं होतं.

तर आज तो दिवस होता.

भरती पूर्ण भरत आली होती. दोन्ही खांबांची डोकी पाण्याच्या वर दिसत होती, आणि त्यांच्याजवळ दोरांनी बांधलेला तराफा हलत होता. त्यावर हॅमरचा उंच सांगाडा. हॅमर चालवणारा बाबल धुरी मालवणकडचा, बंदरांच्या कामांवर हाडं झिजवलेला. तो शिडीवर बसून बिडी ओढत होता. साहेबांना बघून त्याने ती पाण्यात टाकली.

आम्ही होडीने तराफ्यावर गेलो. तिथे आधीच एक बाई छत्री घेऊन डब्यावर बसल्या होत्या.

“या कोण?” साहेबांनी विचारलं.

“मी पेडणेकर. सडेवाडीच्या दवाखान्यातली नर्स,” बाईच म्हणाल्या. “पलीकडे नेणारी तरीची होडी यायला वेळ आहे. तोवर म्हटलं बघू, आमचं काय करताय ते.”

“बाई, इथे थांबायची परवानगी नाही.”

“तर मग मला पलीकडे सोडा तुमच्या पुलावरून.”

बाबल हसला. साहेबही गालातल्या गालात हसले असावेत, कारण त्यांनी पुढे काही म्हटलं नाही. बाई चाळिशीच्या असतील. गेल्या पावसाळ्यात ओहोटीला होडी चिखलात रुतून बसली आणि त्यांनी होडीतच एका बाईचं बाळंतपण केलं, ही गोष्ट अख्ख्या खाडीला ठाऊक होती. “पोराचं नाव सागर ठेवलंय,” त्या मला म्हणाल्या. “खरं तर चिखल ठेवायला हवं होतं. तुम्हीच ना ते, खांब झोपवणारे?”

मी मान हलवली.

“मग? उठतील ना नीट?”

मी चष्मा पुसला.

पहिल्या खांबाच्या अंगावर कागद चिकटवला होता. समोर तराफ्यापासून सुटी अशी एक आडवी पट्टी बांधली होती. पट्टीवर पेन्सिल टेकवून धरायची, हॅमर चालू असताना ती कागदावरून हळूहळू सरकवायची, म्हणजे खांब किती खाली गेला आणि किती परत उसळला याची रेघ उमटते. ठेकेदाराच्या सुपरवायझरने पेन्सिल घेतली. साहेब गुडघ्यांवर हात ठेवून कागदावर वाकले. बाई डब्यावरून उठून साहेबांच्या मागे आल्या. पलीकडच्या काठावर सडेवाडीची माणसं जमली होती, लांबून रंगीत ठिपक्यांसारखी दिसत होती.

बाबलने खांबाच्या डोक्यावर नारळ फोडला. पाणी खांबावर शिंपडलं. खांबावर हात ठेवून तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, मग हॅमरची दोरी हातात घेतली. त्या दोरीने डिझेल कमीजास्त होतं.

आणि मला खाली बघवेना.

सगळे कागदाकडे बघत होते. मला तो कागद बघण्याचं धैर्य झालं नाही. मी लहानपणी परीक्षेचा निकालही दुसऱ्याला बघायला सांगत असे. म्हणून मी मान वर केली आणि हॅमरच्या टोकाकडे, आकाशाकडे बघत राहिलो.

पहिला ठोका पडला. दुसरा. तिसरा. निळसर धुराचा एक झोत आला. पाच, सहा. “हलत नाही,” सुपरवायझर म्हणाला. सात. “साहेब, हलतच नाही.” दहा ठोके झाले, हॅमर थांबला, आणि तराफ्यावर एकदम गलका झाला. पलीकडच्या काठाला बाबलच्या माणसांनी हात उंचावून खूण केली. तिकडे कुणीतरी डबा बडवायला लागलं.

मिराशी साहेब सरळ झाले. त्यांचा चेहरा मी त्याआधी कधी इतका मोकळा पाहिला नव्हता. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि गदागदा हलवला.

“वर्दे, अभिनंदन. रेघ सपाट आहे. सरळ. उत्तर एकच आलं.”

“बघा,” बाई म्हणाल्या, “उगाच चेहरा पाडून बसले होते.”

माझा हात अजून साहेबांच्या हातात होता. मला वाटतं, त्या क्षणाइतका आनंद मला नंतर फार थोड्या वेळा झाला असेल. पण मी वर बघत होतो ना. घणाला कड्या असतात, रिंगा म्हणतात त्यांना. हॅमर तापून भरात आला की घण नळकांड्याच्या वरच्या तोंडातून उसळून बाहेर येतो आणि सगळ्या रिंगा उन्हात चमकतात. महिन्याभरापूर्वी खांब ठोकताना मी त्या कितीदा पाहिल्या होत्या. आज एकही रिंग बाहेर आली नव्हती. घणाचं नुसतं टक्कल वर डोकावायचं आणि आत जायचं.

मी हात सोडवून घेतला.

“साहेब, हे धरू नका.”

“काय धरू नका?”

“हे दहा ठोके. घण उठलाच नाही. हॅमर थंड होता, आणि डिझेलही कमी होतं. खांबाला खरा मार बसलाच नाही.”

डबा अजून वाजत होता.

“अहो,” पेडणेकर बाई हळूच म्हणाल्या, “जिंकलात ना? मग गप्प बसा की.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते बाबलकडे वळले. “बाबल, किती रिंगा दिसल्या?”

बाबल दोरीकडे बघत राहिला.

“बाबल.”

“एक पण नाय, सायबानू.”

“का?”

“निजलेल्याक एकदम थोबाडूचा नसता,” बाबल म्हणाला. “आधी हळू हळू जागो करूचो. बंदरावर सगळीकडे आमची हीच रीत. म्हयनोभर निजलेलो खांब, त्येका एकदम पुऱ्या दोरीन मारलंय तर तो रागान फुटात.” मग माझ्याकडे बघून जरा चिडून म्हणाला, “आणि ह्येंच्यासाठी पण मारलंय हळू. माणूस चांगलो आसा. म्हटलंय, होऊन जाऊंदे त्येचा काम.”

मी त्याला काय म्हणणार? त्याच्या मनात पाप नव्हतं. खांब दुखावू नये आणि मीही दुखावू नये, एवढाच त्याचा हेतू होता. पण पुरा मार बसल्यावर खांब हलतो का, हेच तर आम्हाला पाहायचं होतं.

साहेब मला बाजूला घेऊन गेले. तराफा एवढासा, बाजूला म्हणजे दोन पावलं. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

“आता या खांबावर पुन्हा मारायचं?”

“याच्यावर नाही. हा आता अर्धवट जागा झालाय. मातीची पकड थोडी सुटली असेल. हॅमर तापवायला याच्यावर मारू, आणि तापल्या हॅमरने लगेच दुसऱ्या खांबावर जाऊ. तो अजून निजलाय. पहिल्याच ठोक्यापासून पूर्ण दोरी.”

“आणि दुसरा खांब गेला खाली, तर?”

“तर धवली.”

“वर्दे,” साहेब आवाज खाली आणून म्हणाले, आणि त्यांचा खाली आणलेला आवाज काठापर्यंत जायचा. “उद्या हा हॅमर ठेकेदार दुसऱ्या बंदरावर नेतोय. दुसरा खांब शेवटचा. तू आत्ता गप्प बसलास, तर मी कागदावर सही करतो आणि पूल इथे होतो. तुला हे समजतंय का?”

त्यांनी मला ‘तू’ म्हटलं हे नंतर माझ्या लक्षात आलं.

“समजतंय. पूल होईल, साहेब,” मी म्हणालो. “मग त्याच्यावरून बस जाईल.”

एवढंच म्हणालो.

बाई छत्री मिटून उभ्या होत्या. त्या आधी माझ्याकडे आणि मग पलीकडच्या काठाकडे बघत राहिल्या. तिथला डबा आता थांबला होता. मग त्या बाबलला म्हणाल्या, “बाबल, मारा हो. नीट मारा.”

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग पाण्याकडे. भरती थांबली होती. थोड्याच वेळात पाणी उतरायला लागणार होतं, आणि उतरलं की तराफा चिखलात बसणार होता.

“बाबल,” ते गरजले, “तापव.”

बाबलने या वेळी दोरी पूर्ण ओढली. हॅमर खोकला, काळा धूर ओकला, आणि मग त्याला सूर सापडला. घण उसळला. एक रिंग, दोन, मग सगळ्या. तराफ्याच्या फळ्या पायाखाली थरथरायला लागल्या. मला बरं वाटत होतं, आणि तेवढ्यात सुपरवायझर ओरडला, “चालला.”

मी खाली बघितलं. पहिला खांब खाली जात होता. आधी नखभर, मग बोटभर, मग प्रत्येक ठोक्याला चार बोटं. अगदी महिन्यापूर्वीसारखा.

“जागा झाला म्हणून,” साहेबांनी विचारलं, “की मुळातच दम नव्हता?”

“ठाऊक नाही,” मी म्हणालो. ते खरं होतं. पहिले हळू ठोके, मग तापताना पडलेले एवढे ठोके, त्यामुळे पकड सुटली असेल. किंवा माझी तिन्ही उत्तरं चुकली असतील. वाळूचा पट्टा मी समजलो तेवढा जाड नसेल. शिंपल्यांच्या मातीला मी जरा जास्तच मान दिला असेल. या खांबाकडून ते कळायचा रस्ता आता बंद झाला होता.

“बास. सोडा दोर,” साहेब म्हणाले.

मग जी धांदल उडाली ती मला नीट सांगता येणार नाही. हॅमर गरम होता आणि तो गार व्हायच्या आत दुसऱ्या खांबावर पोचायला हवा होता. दोन खांबांत अंतर फार नव्हतं, पण तराफा माणसांनी ओढून न्यायचा होता. बाबलची माणसं दोरांवर लोंबकळली. सुपरवायझर बांबू घेऊन ढकलायला लागला. साहेबांनी हॅट काढून फेकली आणि स्वतः दोर धरला. बाई म्हणाल्या, “सरका,” आणि त्याही माझ्या शेजारी येऊन दोराला लागल्या. त्यांची पकड माझ्याहून कितीतरी चांगली होती. ओहोटी सुरू झाली होती आणि ती तराफ्याला समुद्राकडे ओढत होती. आम्ही उलट बाजूला. मध्येच तराफ्याचा तळ कशाला तरी घासल्याचा आवाज आला.

“चिखल,” बाबल म्हणाला. “सायबानू, घाई करा.”

हॅमर दुसऱ्या खांबाच्या डोक्यावर बसला. कागद चिकटवला, पट्टी बांधली. सुपरवायझरने पेन्सिलीसाठी हात पुढे केला, तर साहेबांनी त्याला थांबवलं.

“या वेळी पेन्सिल वर्दे धरतील.”

“साहेब, माझा हात कापतो.”

“पट्टीवर टेकवा. पट्टी नाही कापत. आणि वर बघायचं नाही. वर मी बघतो.” ते शिडीच्या दोन पायऱ्या चढले, कमरेवर हात ठेवून मान वर केली आणि म्हणाले, “बाबल, सगळ्या रिंगा दिसल्या नाहीत तर तुला या खांबाबरोबर ठोकीन.”

“दिसतले,” बाबल म्हणाला. त्याने या वेळी नारळ घेतला नाही. नुसता खांबाला हात लावला, आणि दोरी पूर्ण ओढली.

तापलेल्या हॅमरखाली उभं राहून पेन्सिल धरणं म्हणजे काय, ते सांगून कळायचं नाही. कानात दुसरं काही उरत नाही. वरून काळं तेल उडतं, चष्म्यावर, गालावर, सदऱ्यावर. खांब डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. पहिला ठोका पडला आणि पेन्सिलीखाली कागद दचकला. खाली गेला. माझ्या बोटांना ते कळलं. खाली गेला, आणि उसळून परत वर आला. मी पेन्सिल सरकवली.

“सगळ्या,” वरून साहेब ओरडले.

दुसरा. खाली, वर. तिसरा. चष्म्यावर तेल साचलं, मला रेघ दिसेना. दिसेना हे एका अर्थी बरंच झालं. बोटं मात्र ऐकत होती. प्रत्येक ठोक्याला कागद खाली जायचा आणि परत यायचा, जणू कुणीतरी खालून खांबाला घट्ट धरलंय आणि जागा सोडायला तयार नाही. शिंपल्यांची माती, वाळू, मुरूम, सगळी मिळून धरताहेत. चार. पाच. “सगळ्या,” साहेब दर ठोक्याला ओरडत होते, “सगळ्या.” माझ्या मागे बाई मोठ्याने मोजत होत्या, दवाखान्यात बाळंतिणीला धीर देताना मोजत असतील तशा. “सात. आठ. आलं, आलं. नऊ.”

दहा.

हॅमर थांबला. कानात शिट्टी वाजत राहिली. मी पेन्सिल काढली तर हात तसाच हवेत राहिला. चष्मा सदऱ्याला पुसला, तो आणखीच काळा झाला. शेवटी मी तो काढला आणि कागदाला नाक लावून बघितलं.

रेघ करवतीच्या दात्यांसारखी होती. खाली, वर, खाली, वर. पण दाते एकाच ओळीत होते. पहिला दाता आणि शेवटचा दाता यांच्यात जो फरक होता तो काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढा.

साहेब शिडीवरून उतरले. त्यांनी कागद अलगद सोडवला, उन्हात धरला. त्यांच्या तोंडावरही तेलाचे शिंतोडे उडाले होते.

“किती?” बाईंनी विचारलं.

साहेबांनी कागद त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो उलटसुलट बघितला. “मला यातलं काही कळत नाही. पूल इथे की तिथे?”

“इथे,” साहेब म्हणाले.

बाईंनी कागद परत दिला, डब्यावर जाऊन बसल्या आणि छत्री उघडून तोंडासमोर धरली. बराच वेळ ती छत्री तशीच राहिली. बाबलने मोठ्याने नाक शिंकरलं. मग पलीकडच्या काठाला खूण करायचं कुणाला तरी सुचलं, आणि तिकडचा डबा पुन्हा वाजायला लागला.

“पण साहेब,” मी म्हणालो, “त्या वाळूच्या पट्ट्याबद्दल मला अजून जरा—”

साहेब आधी हसले, मग बाबल, मग सगळेच. मी जे विचारणार होतो ते राहूनच गेलं. काठाला जायचं म्हणून बाबलच्या माणसांनी दोर ओढले, तर तराफा जागचा हलेना. पाणी केव्हाच उतरलं होतं. तराफा चिखलात बसला होता, आणि आम्हाला न्यायला येणारी होडीही लांब चिखलात आडवी झालेली दिसत होती. म्हणजे आता संध्याकाळची भरती येईपर्यंत कार्यकारी अभियंता, शंकासुर, नर्सबाई आणि हॅमर, सगळे खाडीच्या मध्यभागी.

छत्रीमागून बाई म्हणाल्या, “बरं झालं. आता साहेबांना कळेल पूल कशाला हवा ते.”

दिवसभर आम्ही नारळाचं खोबरं आणि बाबलच्या माणसांची भाकरी खाल्ली. साहेबांनी बाबलला बंदरांच्या गोष्टी सांगायला लावल्या. दुपारी कधीतरी बाबल माझ्याजवळ येऊन बसला.

“आयता सगळा मिळालेला,” तो म्हणाला, “आणि तुमी सोडून दिलात. मी तुमच्यासाठीच हळू मारलंय हा.”

“माहीत आहे.”

“मगे बोललात कित्याक?”

“तू माझ्यासाठी हळू मारलंस म्हणून,” मी म्हणालो. त्याने थोडा विचार केला आणि मला बिडी दिली. मी ओढत नाही, पण घेतली.

त्यानंतर मिराशी साहेबांनी जिथे जिथे पुलाचं काम घेतलं, तिथून आमच्या कार्यालयात तार यायची. तारेत पैसे शब्दागणिक पडतात, म्हणून ते दोनच शब्द लिहायचे. ‘शंकासुर पाठवा.’ नव्या आलेल्या कारकुनाला ते कोडं वाटायचं. जुने लोक मला बॅग भरायला सांगायचे.

पावशेतचा पूल तीन वर्षांनी उघडला. हार झाले, भाषणं झाली, सगळे पाहुणे गाड्यांतून पलीकडे गेले. मी गर्दीत मागे राहिलो, आणि मग एकटाच चालत निघालो. पहिल्या खांबाच्या वर येऊन थांबलो. तो पहिला खांब, जो आम्ही आधी हळूच उठवला आणि मग झोडपला. त्याला नंतर पुन्हा निजू दिलं होतं, वरती वाळूच्या पोत्यांचा डोंगर रचून त्याची परीक्षाही घेतली होती. कागदावर सगळं ठीक होतं. तरी मी कठड्याला हात लावून उभा होतो.

मागून हॉर्न वाजला. सडेवाडीची पहिली बस. आत माणसं खच्चून भरलेली, टपावर कोंबड्यांच्या पाट्या. बस माझ्या अगदी शेजारी येऊन थांबली आणि खिडकीतून पेडणेकर बाईंनी डोकं बाहेर काढलं.

“काय हो शंकासुर, अजून शंका आहे?”

“आहे,” मी म्हणालो.

“मग इथे उभं राहून ती जाणार आहे का? चढा वर.”

मी चढलो. बाईंनी सरकून जागा करून दिली. कंडक्टरने घंटा ओढली, बस त्या खांबावरून निघाली, आणि मी खिडकीला नाक लावून खाली बघत राहिलो.